दाखला की बदली? : अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडासंघांच्या नियमांचा इतिहास

'ट्रान्स्फर' या इंग्रजी शब्दाला मराठी माणसाच्या व्यवहारात दोन अर्थ आहेत. नोकरदाराची ट्रान्स्फर होते, तिला आपण बदली म्हणतो. ती वरून येते, तिचा आदेश निघतो, आणि ज्याची होते त्याला तिच्याबाबत फारसे विचारले जात नाही. विद्यार्थ्याची ट्रान्स्फर म्हणजे दाखला. तो विद्यार्थी स्वतः मागतो, कार्यालयातील लिपिक थकबाकी तपासून तो देतो, आणि विद्यार्थी दुसऱ्या महाविद्यालयात जाऊन बसतो. बदलीचा संबंध नोकरीशी, दाखल्याचा शिक्षणाशी. आपल्याकडे या दोन अर्थांची गल्लत सहसा होत नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंच्या बाबतीत मात्र ती शंभराहून अधिक वर्षे होत आली आहे, आणि गेल्या काही वर्षांत तिचे परिणाम तेथील संघांना फार वेगाने भोगावे लागत आहेत. हा गुंता कसा निर्माण झाला, तो कोणी सोडवला आणि सोडवताना काय तुटले, हे पाहण्याचा या लेखात आमचा प्रयत्न आहे.

आधी थोडा तपशील सांगणे आवश्यक आहे. महाविद्यालयाचा संघ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जिमखान्याची खोली, आंतरमहाविद्यालयीन सामने आणि वार्षिक पारितोषिक वितरण येते. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. मिशिगन विद्यापीठाच्या १९२७ साली बांधलेल्या फुटबॉल मैदानात आज १,०७,६०१ प्रेक्षक बसू शकतात, आणि तेथील सामने देशभर दूरचित्रवाणीवर दाखवले जातात. अशा संघांसाठी खेळाडूंची भरती होते. प्रशिक्षक माध्यमिक शाळांतील सोळा-सतरा वर्षांची मुले हेरतात, त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांना भेटतात आणि शिष्यवृत्ती देऊ करतात. ही भरती कोणी, कोणाची आणि कोणत्या अटींवर करावी, आणि भरती झालेल्या मुलाला पुढे दुसरीकडे जाता यावे की नाही, याच दोन प्रश्नांभोवती तेथील नियमांचा सारा इतिहास फिरतो.

नियमांपूर्वीचा काळ

अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा १८५२ साली न्यू हॅम्पशायरमधील विनिपेसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल यांच्यात झाली. स्पर्धा नौकानयनाची होती, आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. लोकांनी आपल्या गाडीने त्या सरोवराकडे यावे, एवढाच कंपनीचा हेतू. महाविद्यालयीन खेळ मुळात शुद्ध हौशी होता आणि पुढे पैशाने तो बिघडवला, असे जे नेहमी सांगितले जाते, ते या पहिल्याच नोंदीपाशी अडखळते.

१८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला फुटबॉल सामना झाला आणि पुढील तीस वर्षांत हा खेळ महाविद्यालयांच्या प्रतिष्ठेचा विषय बनला. खेळाडू कोण असावा याचा सर्वमान्य नियम तेव्हा नव्हता. फील्डिंग योस्ट याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तो १८९६ साली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी होता आणि तेथील संघातून खेळत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो पेनसिल्व्हेनियातील लाफायेट महाविद्यालयाचा 'विद्यार्थी' झाला. लाफायेटचा सामना ३६ सामने सलग जिंकलेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी होता. लाफायेटने तो ६-४ असा जिंकला, आणि त्यानंतर योस्ट आपले शिक्षण पूर्ण करण्यासाठी वेस्ट व्हर्जिनियात परतला. अशा खेळाडूंना तेथे 'भटके खेळाडू' म्हणत. जे भटकत नसत त्यांचीही सोय चांगली होती. येलचा १९०४ सालचा कर्णधार जेम्स होगन याला राहण्यास प्रशस्त खोल्या, क्युबाची सहल, सामन्यांच्या गुणपत्रिकांच्या विक्रीतील वाटा आणि गावात विकल्या जाणाऱ्या सिगारेटींवर दलाली मिळत असे. 'मॅक्ल्युअर्स' मासिकाने १९०५ साली हे सारे छापले.

त्याच वर्षी मैदानावरील मृत्यूंमुळे फुटबॉलवर बंदी घालावी अशी मागणी जोर धरू लागली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबर १९०५ मध्ये मोठ्या महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले, आणि १९०६ मध्ये एक संघटना स्थापन झाली. १९१० पासून ती नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, या नावाने ओळखली जाते. त्याच १९०६ साली मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांच्या परिषदेने, जिला पुढे 'बिग टेन' हे नाव पडले, असा नियम केला की कोणत्याही विद्यार्थ्याने संघातून खेळण्यापूर्वी त्या विद्यापीठात एक वर्ष काढले पाहिजे आणि त्याने एकूण तीनच वर्षे खेळावे. मिशिगनला हे नियम जाचक वाटले आणि १९०७ पासून दहा वर्षे ते परिषदेबाहेर राहिले. मिशिगनचा प्रशिक्षक तेव्हा कोण होता? तोच फील्डिंग योस्ट.

एक वर्ष थांबण्याचा हा नियम पुढे शंभराहून अधिक वर्षे या ना त्या रूपात टिकला. भटक्या खेळाडूंना आळा घालणे हा त्याचा मूळ हेतू होता आणि तो गैर नव्हता. केवळ एका सामन्यापुरता दाखला घेणे ही शिक्षणाची थट्टाच होती. परंतु नियम केवळ खेळाडूंच्या हालचालीवर आला. ज्यांनी त्यांना बोलावून घेतले त्या प्रशिक्षकांवर आणि संस्थांवर तसे बंधन आले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

हौशीपणाचे अर्धशतक

ऑक्टोबर १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानाने महाविद्यालयीन खेळांवर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. शंभराहून अधिक संस्थांना प्रत्यक्ष भेटी देऊन हॉवर्ड सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की बहुसंख्य संस्था भरतीसाठी उघड वा छुपे पैसे मोजत होत्या. अहवालावर चर्चा पुष्कळ झाली, बदलले फार थोडे.

दुसऱ्या महायुद्धानंतर एनसीएएने पहिल्यांदा देशव्यापी नियम लादण्याचा प्रयत्न केला. १९४८ च्या या संहितेला 'सॅनिटी कोड', म्हणजे शहाणपणाची संहिता, असे नाव होते. तिने खेळाडूला शिक्षणशुल्कापुरती, तीही गरज पाहून, मदत देण्याची मुभा दिली. राहण्या-जेवण्याचा खर्च त्याने काम करून भागवावा अशी अपेक्षा होती. वर्ग आणि मैदान सांभाळून नोकरीला वेळ कोठून आणावा, हा व्हर्जिनिया विद्यापीठाचा सवाल होता. बोस्टन कॉलेज, सिटाडेल, मेरीलँड, व्हिलानोव्हा, व्हर्जिनिया आणि त्याच राज्यातील आणखी दोन संस्था अशा सात जणांनी संहिता मोडत असल्याचे मान्य केले. १९५० च्या जानेवारीत त्यांच्या हकालपट्टीच्या ठरावावर मतदान झाले. बाजूने १११, विरोधात ९३. दोन-तृतीयांश बहुमत मिळाले नाही. सात संस्था संघटनेत राहिल्या आणि १९५१ मध्ये संहिताच रद्द झाली. त्या सातांना हाकलण्यास निघालेल्या सभागृहात त्यांच्यापेक्षा वेगळे वागणारे फार थोडे असावेत, असा तर्क कोणीही करू शकेल.

१९५६ मध्ये एनसीएएने शरणागती पत्करली आणि गरज न पाहता, केवळ खेळातील नैपुण्यावर शुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके यांचा खर्च देणारी शिष्यवृत्ती मान्य केली. येथून आजच्या पेचाला सुरुवात होते. मोबदला देऊन काम करून घ्यावयाचे, तर तो नोकर ठरतो. ते टाळण्यासाठी एक शब्द घडवला गेला. कोलोरॅडोमधील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा फुटबॉलपटू १९५५ साली सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार-भरपाई मागितली. हा विद्यार्थी की कामगार, हा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५७ मध्ये निकाल तिच्या विरोधात लागला. महाविद्यालयाचा फुटबॉल हा व्यवसाय नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. अशा दाव्यांच्या भीतीपोटीच 'स्टुडंट-ॲथलीट', म्हणजे विद्यार्थी-खेळाडू, ही संज्ञा रूढ करण्यात आली. १९५१ पासून तीन दशकांहून अधिक काळ एनसीएएचे कार्यकारी संचालक असलेले वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर १९९५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हे सांगितले, आणि आपणच उभारलेल्या व्यवस्थेवर कठोर टीका केली. भाषेच्या अभ्यासकांना या संज्ञेतील जोडचिन्ह विशेष उद्बोधक वाटावे. भरपाई मागितली की तो विद्यार्थी, आणि सराव चुकवला की तो खेळाडू.

भरती कोणाची?

भरतीच्या नियमांविषयी बोलताना लिखित नियमांपेक्षा अलिखित नियम अधिक प्रभावी होते, हे विसरता येत नाही. दक्षिणेकडील बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या संघांत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. मार्च १९६६ मध्ये टेक्सास वेस्टर्नच्या बास्केटबॉल संघाने, ज्याचे सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते, केंटकीच्या पूर्णतः गोऱ्या संघाला ७२-६५ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. सप्टेंबर १९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाच्या मिश्र संघाने बर्मिंगहॅममध्ये अलाबामाला ४२-२१ असे नमवले. अलाबामाने आपला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू विल्बर जॅक्सन याला तोवर शिष्यवृत्ती दिलेली होती, पण या पराभवानंतर त्या राज्यातील जनमत वळण्यास मदत झाली, असे मानले जाते. एक घोर अन्याय संपला, आणि तो संपावयासच हवा होता.

परंतु या न्यायाची किंमत कोणी मोजली? जेव्हा मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे बंद होते, तेव्हा लुइझियानातील ग्रॅम्बलिंगसारखी कृष्णवर्णीयांची महाविद्यालये या मुलांना घडवत होती. ग्रॅम्बलिंगचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी १९४१ ते १९९७ या काळात ४०८ सामने जिंकले आणि दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलला दिले. दरवाजे उघडताच सर्वोत्तम मुले अधिक पैसा, मोठी मैदाने आणि दूरचित्रवाणी असलेल्या संस्थांकडे वळली. त्यांना कोण दोष देईल? मात्र ज्यांनी दशकानुदशके ही परंपरा जोपासली, त्यांच्या वाट्याला भरपाई तर नाहीच, साधी दखलही क्वचितच आली. खेळाडूला न्याय मिळतो आणि त्याला घडवणारी लहान संस्था रिकामी होते, हा नमुना आपल्याला पुढेही भेटणार आहे.

स्त्रियांच्या खेळांचा इतिहास याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. १९७१ मध्ये स्त्री-शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिकांनी स्थापन केलेली एआयएडब्ल्यू ही संघटना पुरुषांच्या व्यवस्थेपासून जाणीवपूर्वक वेगळी राहिली. प्रशिक्षकांनी मुलींच्या घरी खेपा घालण्यास तिचा विरोध होता. उलट, एखाद्या खेळाडूस महाविद्यालय बदलावेसे वाटले तर ती नव्या ठिकाणी लगेच खेळू शकत असे. विद्यार्थिनीला दाखला घेण्याचा अधिकार आहे, तर खेळाडूला का नसावा, हा तिचा साधा विचार होता. १९८१-८२ पासून एनसीएएने स्त्रियांच्या अजिंक्यपद स्पर्धा सुरू केल्या आणि अल्पावधीतच ही संघटना बंद पडली. एक वर्ष थांबवणे हे खेळाडूच्या शिक्षणासाठी अपरिहार्य आहे, असे एनसीएए सांगत असताना शिक्षणाचाच विचार करणाऱ्या अध्यापिकांनी नेमका उलटा नियम केला होता, हे त्या युक्तिवादाचे पुरेसे उत्तर आहे.

स्थिर खेळाडू, फिरते प्रशिक्षक

१९७३ मध्ये एक लहानसा वाटणारा बदल झाला. चार वर्षांची शिष्यवृत्ती जाऊन तिच्या जागी दरवर्षी नूतनीकरण करावयाची एक वर्षाची शिष्यवृत्ती आली. म्हणजे संस्थेची बांधिलकी एका वर्षाची, आणि खेळाडूने दुसरीकडे जावयाचे ठरवले तर त्याने एक वर्ष मैदानाबाहेर बसावयाचे. बहुवर्षीय शिष्यवृत्तीची मुभा परत यावयास २०१२ उजाडले.

याच काळात फुटबॉल शिष्यवृत्त्यांच्या संख्येवर मर्यादा आली. १९७३ मध्ये १०५, नंतर ९५ आणि १९९० च्या दशकात ८५. या नियमाचा परिणाम आम्हाला हितकर वाटतो. त्यापूर्वी धनाढ्य संस्था केवळ प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नयेत म्हणून चांगले खेळाडू आपल्या बाकावर बसवून ठेवीत. मर्यादेमुळे ही साठेबाजी कमी झाली आणि मध्यम संघांना डोके वर काढता आले. नियम संस्थांच्या हावेवर असेल तर तो खेळ सुधारतो, आणि खेळाडूच्या हालचालीवर असेल तर बहुधा संस्थांचीच सोय पाहतो, एवढा निष्कर्ष या जोडीवरून निश्चित काढता येतो.

प्रशिक्षक मात्र मोकळे होते. लेन किफिन टेनेसीत एकच हंगाम राहून जानेवारी २०१० मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाला गेले. त्यांच्या भरवशावर टेनेसीत आलेल्या मुलांना त्यांच्यामागे जावयाचे असते तर वर्षभर थांबावे लागले असते. शिवाय २०१८ पर्यंत मूळ संस्था इतरांना खेळाडूशी बोलण्याची परवानगी नाकारू शकत असे, आणि तशी नाकारली तर नव्या ठिकाणी त्याला पहिल्या वर्षी क्रीडाशिष्यवृत्ती मिळत नसे. नोकराला नोकरी सोडण्याची मोकळीक आणि विद्यार्थ्याला शाळा सोडण्याची बंदी, असा हा उफराटा न्याय होता.

न्यायालयांचा काळ

ही व्यवस्था आतून सुधारली नाही. ती न्यायालयांनी मोडली. खेळाडूंच्या प्रतिमा व्हिडिओ खेळांत वापरल्याबद्दल बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांनी २००९ मध्ये दावा लावला आणि २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'ट्रान्स्फर पोर्टल' सुरू झाले. ही एक संगणकीय नोंदवही आहे. खेळाडूने सांगितले की संस्थेने त्याचे नाव तीत घालावयाचे, आणि मग कोणीही त्याच्याशी संपर्क साधावा. परवानगीची अट संपली. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंना आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेण्याचा हक्क देणारा कायदा केला. एप्रिल २०२१ मध्ये एनसीएएने फुटबॉल, बास्केटबॉलसह सर्व खेळांत एकदा न थांबता संस्था बदलण्यास मान्यता दिली. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएच्या विरोधात निर्णय दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेण्याची वाट देशभर मोकळी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील संघराज्य न्यायालयाने दुसऱ्या स्थलांतरावरील बंदीलाही स्थगिती दिली. एप्रिल २०२४ पासून अभ्यासाची अट पाळणारा खेळाडू कितीही वेळा संस्था बदलून लगेच खेळू शकतो, असा नियम झाला. जून २०२५ मध्ये विल्केन यांनीच 'हाउस' खटल्यातील समझोत्याला मंजुरी दिली. त्यानुसार माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर द्यावयाचे आणि प्रत्येक संस्थेला २०२५-२६ मध्ये सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंत थेट वाटता यावयाची. शंभर वर्षे जे नाकारले, ते सात वर्षांत द्यावे लागले.

संघांचे काय झाले?

खेळाडूंच्या दृष्टीने पाहता लाभ स्पष्ट आहेत. ओहायो स्टेटमध्ये संधी न मिळालेला जो बरो पदवीनंतर स्थलांतराच्या सवलतीचा लाभ घेऊन २०१८ मध्ये लुइझियाना स्टेटला गेला. २०१९ च्या हंगामात त्याला हाइझमन हा सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार मिळाला आणि त्याचा संघ अजिंक्य ठरला. संघांनाही लाभ झाला. फुटबॉलमधील पराभवांसाठी ओळखल्या जाणाऱ्या इंडियाना विद्यापीठाने २०२३ च्या अखेरीस जेम्स मॅडिसन विद्यापीठाचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांना आणले. त्यांच्याबरोबर तेथील डझनभर खेळाडूही आले. २०२४ मध्ये संघाने ११ सामने जिंकले आणि २०२५ च्या हंगामात, कॅलिफोर्नियाहून आलेल्या फर्नांडो मेंडोझाच्या नेतृत्वाखाली, अपराजित राहून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. जुन्या नियमांखाली हे दोन वर्षांत घडणे अशक्य होते. त्या नियमांनी मक्तेदारी रोखली होती, असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

आता दुसरी बाजू. जर्सी सिटीतील सेंट पीटर्स हे लहानसे जेझुइट विद्यापीठ मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत पंधराव्या मानांकनावरून अखेरच्या आठ संघांत पोहोचले. असे करणारा तो पहिलाच संघ. केंटकी, मरे स्टेट आणि पर्ड्यू यांना त्याने हरवले. स्पर्धा संपताच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे आपल्या मातृसंस्थेत, सीटन हॉलमध्ये, गेले आणि संघातील बहुतेक प्रमुख खेळाडू निरनिराळ्या विद्यापीठांत विखुरले. त्यांत गैर काहीही नव्हते. परंतु ज्या गावाने तो संघ डोक्यावर घेतला, त्याला पुढच्या हंगामात तो ओळखूही आला नसेल. सेंट पीटर्सने नव्याने संघ बांधला आणि २०२४ मध्ये ते राष्ट्रीय स्पर्धेत परतलेही. सर्वांना ते जमले नाही. पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस विद्यापीठ मार्च २०२५ मध्ये याच स्पर्धेत खेळले, आणि सामन्यानंतर आठवड्याभरात त्याने जाहीर केले की आपण पहिल्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत, जेथे क्रीडाशिष्यवृत्त्या नसतात, जात आहोत. स्थलांतर आणि मोबदला यांनी बदललेले वातावरण, हे कारण त्यांनी दिले. त्याच स्पर्धेच्या अखेरच्या सोळा संघांत चार धनाढ्य परिषदांबाहेरचा एकही संघ नव्हता. एका वर्षावरून सिद्धान्त मांडू नये, हे खरे, तरी दिशा दिसते.

शाळकरी मुलांवर झालेला परिणाम कमी बोलला जातो. तयार, वीस-बावीस वर्षांचा खेळाडू मिळत असताना अठरा वर्षांच्या मुलाला घेऊन तीन वर्षे घडवण्याचा धोका प्रशिक्षक का पत्करील? त्यातच करोनामुळे २०२०-२१ चा हंगाम पात्रतेत न धरल्याने जुने खेळाडू वर्षभर अधिक राहिले आणि जागा आणखी आटल्या. २०२५ च्या समझोत्याने शिष्यवृत्त्यांची मर्यादा काढून संघसंख्येची मर्यादा घातली, फुटबॉलसाठी १०५. परिणामी शिष्यवृत्तीविना, केवळ आवडीने संघात राहिलेल्या अनेक मुलांची नावे कापली जाऊ लागली. न्यायाधीशांनी त्यामुळे मंजुरी लांबवली आणि अशा मुलांना मर्यादेतून सूट देणारी दुरुस्ती करून घेतली. ज्यांना 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द खरोखर लागू पडत होता, त्यांनाच वगळण्याची वेळ आली होती.

निष्ठेविषयीच्या प्रवचनांबद्दलही येथे बोलले पाहिजे. खेळाडू भाडोत्री झाले, अशी तक्रार संस्थांचे चालक करतात. परंतु २०२४ मध्ये दूरचित्रवाणीच्या पैशासाठी यूसीएलए, सदर्न कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या विद्यापीठांनी शतकभराची पॅसिफिक परिषद सोडली. पॅसिफिकच्या तीरावरची कॅलिफोर्निया (बर्कली) आणि स्टॅनफर्ड ही विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या परिषदेत गेली. मागे उरली ती ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. जी विद्यापीठे स्वतः अशी स्थलांतरे करतात, त्यांनी वीस वर्षांच्या मुलाला एका जागी राहण्याचे महत्त्व सांगू नये.

तर मग निष्कर्ष काय? खेळाडूचे बंधन तुटले हे योग्यच झाले. ते शिक्षणासाठी होते हा दावा इतिहासात टिकत नाही. परंतु संघ म्हणजे केवळ अकरा किंवा पाच करारांची बेरीज नव्हे. नवख्याला तीन वर्षे सांभाळून चौथ्या वर्षी त्याच्या हाती संघ देणे, हा महाविद्यालयीन खेळाचा खरा शैक्षणिक भाग होता, आणि तो आज सर्वांत दुबळा झाला आहे. याला उपाय पुन्हा खेळाडूला बांधणे हा नाही. युरोपातील व्यावसायिक फुटबॉलने अशाच पेचातून गेल्यावर वेगळा मार्ग शोधला. १९९५ च्या बॉसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूला मुक्त केले, आणि २००१ मध्ये फिफाने तरुण खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना त्याच्या पुढील स्थलांतरांतून भरपाई आणि वाटा मिळावा असे नियम केले. त्या व्यवस्थेत दोष आहेत, पण घडवणाऱ्याचे श्रम तिने हिशेबात तरी धरले. अमेरिकेत हे होऊ शकत नाही, कारण त्यासाठी खेळाडू आणि संस्था यांच्यातील संबंध हा काम आणि मोबदला यांचा आहे, हे लेखी मान्य करावे लागेल. २०२५ च्या समझोत्यानंतरही पैसे देणाऱ्या संस्था खेळाडूंना नोकर म्हणावयास तयार नव्हत्या.

विद्यार्थी असेल तर त्याला दाखला विनाअट द्यावा, आणि नोकर असेल तर त्याच्याशी दोन्ही बाजूंना बांधील असा करार करावा. यांपैकी काहीही न करता दोन्हींची सोय तेवढी घ्यावयाची, हे या संस्थांचे शतकभराचे धोरण होते. त्याचे बिल आज ग्रॅम्बलिंगच्या वारसांना, सेंट फ्रान्सिसला आणि संघात जागा न मिळालेल्या अठरा वर्षांच्या मुलाला भरावे लागत आहे.